सत्तर एमएमचा पडदा, दोन इंचांची काच

साधारण २००५ ते २०१२ हा काळ जरा आठवून पाहा. कुठल्याही एसटी स्टँडबाहेर, तहसील कचेरीच्या रस्त्याला किंवा आठवडी बाजाराच्या तोंडाशी मोबाइल रिचार्जची एखादी टपरी असायचीच. काचेवर स्केचपेनने लिहिलेला कागद - 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. आत एक जुना संगणक, कार्ड रीडर आणि नुकतंच मिसरूड फुटलेला एक मुलगा. गिऱ्हाईक म्हणायचं, ''दोन पिक्चर टाक, थोडी गाणी टाक, एखादं कीर्तन असलं तर तेही टाक.'' मुलगा मान वर न करता विचारायचा, ''हँडसेट कुठला?''

हा प्रश्न उगाच नव्हता. सीडीवरचा सिनेमा त्या काळच्या फोनवर जसाच्या तसा चालत नसे. त्याला आधी फोनच्या मापाचा करावा लागे. 'कन्व्हर्टला लावलाय, दोन तासांनी या' हे वाक्य तेव्हा गावोगाव ऐकू येई. त्या दोन तासांत संगणकाच्या पोटात काय चालत होतं आणि तिथवर माणूस कसा पोचला, ही गोष्ट मला सांगायची आहे. मी बी.ए. झालेला कवी माणूस, यंत्राचा जाणकार नव्हे. पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा प्रश्न कवितेत रोजचाच असतो. म्हणून या विषयाने मला धरून ठेवलं.

सिनेमा जन्मला तो रिळावर. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत आणि सेकंदाला २४ चित्रं. १९७५ साली 'शोले' आला तेव्हा मोठ्या शहरांतून तो सत्तर एमएमवर दाखवला गेला. उंचीच्या दुपटीहून अधिक रुंद असा तो पडदा. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला होता. त्या काळी सिनेमा माणसाकडे येत नसे. माणूस बैलगाडीने, एसटीने, सायकलने सिनेमाकडे जाई.

सिनेमा घरात आला तो चुंबकीय फितीवरून. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग भाड्याचे व्हीसीआर आले. चौकात टीव्ही मांडून रात्रभरात तीन-तीन पिक्चर पाहिल्याचं अनेकांना आठवत असेल. पण रुंद पडद्यावरचा सिनेमा चौकोनी टीव्हीत बसवताना बऱ्याचदा त्याच्या दोन्ही कडा कापल्या जात. पडद्याच्या दोन टोकांना उभी असलेली माणसं बोलत राहायची आणि टीव्हीवर मधली भिंतच तेवढी दिसायची! सिनेमाला छोट्या मापात बसवताना काहीतरी गळतंच, हे तेव्हापासून कळू लागलं होतं.

पुढे चित्राचे आकडे झाले आणि खरी अडचण उभी राहिली. डीव्हीडीच्या मापाचं एक चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके; एकूण चार लाखांहून अधिक. अशी सेकंदाला २५ चित्रं. यातलं काही न गाळता तीन तासांचा सिनेमा साठवायचा तर दीडशे जीबीहून जास्त जागा लागते. साध्या सीडीवर मावतात सुमारे ७०० एमबी. म्हणजे एका सिनेमाला दोनशेच्या वर सीड्या. एवढ्या सीड्या घेऊन सिनेमा पाहायला कोण बसणार?

ही गाठ सोडवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे आणि त्याचं नाव आपल्या मुलांच्या कानावर फारसं पडत नाही. डॉ. नासिर अहमद. १९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले हे अभियंते पुढे अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी एक कल्पना मांडून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे संशोधनासाठी पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे, असं एका परीक्षकाचं म्हणणं पडलं. अहमद यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे त्या पद्धतीचं नाव.

नाव अवघड असलं तरी तिचा पुढे चित्रांसाठी जो उपयोग झाला, तो आपल्याला समजण्यासारखा आहे. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, आठ बाय आठ ठिपक्यांचे. चौसष्ट ठिपक्यांचे रंग एकेक करून लिहिण्याऐवजी त्या चौकोनात रंग किती सावकाश बदलतो आणि किती झपाट्याने, हे लिहायचं. गाण्यात जसे खालचे आणि वरचे स्वर मिसळलेले असतात, तसे चित्रातही संथ आणि जलद बदल मिसळलेले असतात. आपल्या डोळ्याला संथ बदल चटकन दिसतात. अगदी बारीक, जलद बदल तितकेसे दिसत नाहीत. मग ते बारीक बदल गाळून टाकायचे. चौसष्ट आकड्यांपैकी अनेकदा मोजकेच ठेवले तरी भागतं. जे गेलं त्याची डोळा चौकशी करत नाही.

याच्या जोडीला दुसरी युक्ती आली. सिनेमात एका चित्रानंतरचं दुसरं चित्र बहुतांशी पहिल्यासारखंच असतं. माणूस चालतो, पण मागचा डोंगर जागचा हलत नाही. मग डोंगर पुन:पुन्हा कशाला लिहायचा? जे बदललं तेवढंच लिहायचं. या दोन युक्त्या एकत्र बांधून जगभर चालेल असा एकच नियम करावा म्हणून १९८८ साली इटलीचे लिओनार्दो क्यारिल्योने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने 'एमपेग' हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्या गटाचा पहिला नियम १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी व्हीसीडी आली. आडवे ३५२, उभे २८८ ठिपके आणि एका सीडीवर ७४ मिनिटं. म्हणून आपल्याकडे साधा हिंदी सिनेमा दोन सीड्यांत आणि 'शोले' तीन सीड्यांत मिळायचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा तर सिनेमा पोह्याच्या बशीइतका स्वस्त झाला.

मोबाइल फोनची गरज मात्र आणखी वेगळी होती. त्याचा मेंदू छोटा, बॅटरी छोटी, कार्ड छोटं. २००३ साली आलेल्या नोकिया ६६०० या गाजलेल्या फोनसोबत ३२ एमबीचं कार्ड मिळत असे. अशा फोनसाठी 'थ्रीजीपी' नावाचा साचा ठरला होता. त्यातलं नेहमीचं माप आडवे १७६ आणि उभे १४४ ठिपके, म्हणजे व्हीसीडीच्या बरोबर एक चतुर्थांश. सेकंदाला २५ ऐवजी बारा-पंधरा चित्रं. या हिशेबाने तीन सीड्यांचा सिनेमा पावणेदोनशे एमबीत बसवता येई.

आवाजाची गत तर याहून वाईट. थ्रीजीपीत आवाजासाठी पुष्कळदा जी पद्धत वापरली जाई, ती मुळात टेलिफोनवरच्या संभाषणासाठी बनवलेली होती. बोलणं कळलं म्हणजे झालं, एवढाच तिचा हेतू. टेलिफोनवर 'स' आणि 'फ' यांच्यात गफलत होते, कारण या अक्षरांचा सळसळता भाग वरच्या पट्टीत असतो आणि तो टेलिफोन पोचवत नाही. त्याच वाटेने तंबोरा, सारंगी आणि घुंगरांची बारीक किणकिण गेली. ठेका राहिला, शब्द राहिले, त्यांच्यामागची हवा गेली.

टपरीतल्या मुलाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००० साली 'एफएफएमपेग' नावाची मोफत प्रणाली सुरू केली होती आणि गावोगाव चालणाऱ्या कितीतरी कन्व्हर्टरांच्या पोटात तीच दडलेली होती. मुलगा फक्त फोनचं मॉडेल निवडायचा आणि बटण दाबायचा. चिनी बनावटीचे, मोठ्या आवाजाचे फोन आले की त्यांची मापं आणखी निराळी. ती सगळी त्याला तोंडपाठ असायची.

हा धंदा बहुतेक ठिकाणी विनापरवाना होता, हेही सांगायलाच हवं. कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे आणि कार्डात उतरलेल्या सिनेमाचा पैसा निर्मात्यापर्यंत पोचत नव्हता. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ते सिनेमे पाहत कोण होतं, हेही विसरता येत नाही. रात्रपाळीचा वॉचमन, ढाब्यावर थांबलेला ट्रकचा क्लीनर, फडावरच्या कोपीत अंग टेकलेला ऊसतोड कामगार, यंत्रमागाच्या खडखडाटात कानाला फोन लावणारा कारागीर. चित्रपटगृहाचं तिकीट आणि घरचा टीव्ही ज्यांच्या वाट्याला सहज आला नाही, त्यांचं हे पहिलं स्वत:चं चित्रपटगृह होतं. दोन इंचांच्या काचेवर चौकोन-चौकोन झालेला नायकही त्यांना पुरला. म्हणून त्या धूसर चित्रांची थट्टा करावीशी मला वाटत नाही.

माझं बोट दुसऱ्या गोष्टीकडे आहे. आमच्या घरातलं उदाहरण देतो. १९८९ साली माझ्या थोरल्या बहिणीचा निकाह झाला. गावातल्या व्हिडिओवाल्याने व्हीएचएस कॅसेट काढली. पुढे त्या कॅसेटवरून व्हीसीडी झाली आणि २००८ साली व्हीसीडीवरून मोबाइलची थ्रीजीपी. ती ब्लूटूथने साऱ्या नातेवाइकांत फिरली, आखातातल्या भावंडांपर्यंत पोचली. तोवर अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या चित्रात ते निकाहनाम्यावर सही करताना दिसतात. चेहरा दहा-बारा ठिपक्यांचा. पण हात ठाम, एका दमात सही. 'अब्बा असेच होते, पहाडासारखे,' असं नव्या पिढीतली मुलं म्हणायची.

आपाने मात्र मूळ कॅसेट टाकू दिली नव्हती. कपड्यात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून तिने ती ट्रंकेत ठेवली होती. २०१६ मध्ये भाच्याने चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवून ती कॅसेट थेट संगणकात, मोठ्या मापात उतरवली. आम्ही सगळे पाहायला बसलो. सही करताना अब्बांचा हात थरथरत होता. एकदा लेखणी कागदाला टेकली, उचलली गेली आणि पुन्हा टेकली. आपा काहीच बोलली नाही. तिला ते ठाऊक होतं. ती त्या दिवशी तिथे होती.

यात यंत्राने लबाडी केलेली नाही. अगदी बारीक हालचाल त्याच्या हिशेबात बदल म्हणून धरली जात नाही, आणि सेकंदातली निम्मी चित्रं काढून टाकल्यावर थरथर उरणार तरी कुठे? डोळ्याला जे चुकलं नाही असं वाटतं ते गाळायचं, हा नियम एकदा लावला तर उत्तम चालतो. पण गाळलेल्यातून पुन्हा गाळलं, त्यातून तिसऱ्यांदा गाळलं, की जाणारी वस्तू बारीकसारीक राहत नाही. आणि एकदा गेलेलं छोट्या प्रतीतून परत येत नाही. थ्रीजीपीचा चित्रपट मोठ्या पडद्यावर ताणला तर ठिपके मोठे होतात, चेहरा मोठा होत नाही.

पुढचा इतिहास सगळ्यांच्या हातातला आहे. २००३ साली 'एच.२६४' ही नवी पद्धत आली. व्हीसीडी-डीव्हीडीच्या जुन्या पद्धतींपेक्षा निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत ती तसंच चित्र देऊ लागली. २००७ साली आयफोन आला, मागोमाग अँड्रॉइडचे फोन आले आणि चित्र उलगडण्याचं काम फोनमधल्या चिपमध्येच होऊ लागलं. सिनेमा फोनच्या मापाचा करण्याची गरज संपली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि टपऱ्यांवरचे ते कागद उतरले. कन्व्हर्शन मात्र बंद पडलं नाही, ते आपल्या नजरेआड गेलं. यूट्यूबवर चढवलेला प्रत्येक व्हिडिओ तिकडे वेगवेगळ्या मापांत बदलला जातो. व्हॉट्सअॅप साधारणपणे व्हिडिओ लहान करूनच पुढे पाठवतं. आज आपल्या नातवंडांचे वाढदिवस असेच गाळून साठत आहेत.

मोठ्या घरांतही हेच घडलं आहे. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज कुठेही उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तोवर कितीतरी रिळं नाहीशी झाली होती. ज्या 'शोले'च्या असंख्य प्रती आपल्या कार्डांत फिरल्या, त्याची सत्तर एमएमची एकही प्रत पुढे जतनकर्त्यांना मिळेना आणि मूळ निगेटिव्ह खराब झालेली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ब्रिटनमधील गोदामात सापडलेल्या फिल्मच्या आधारे काही वर्षं खपून तो सिनेमा पुन्हा उभा केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात तो दाखवला गेला. कुठेतरी कुणीतरी ते डबे फेकून दिले नव्हते, म्हणून हे जमलं. लाखो कार्डांतल्या लाखो प्रती तिथे काही कामाच्या नव्हत्या.

आपल्याही घरात माळ्यावर एखादी कॅसेट असेल. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. तिला बुरशी लागते, तिच्यावरचं चित्र विरत जातं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे चालू यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होणार. ती कॅसेट आत्ताच खाली काढा, जाणकाराकडून थेट मूळ फितीवरून आणि शक्य तितक्या मोठ्या मापात उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलवर पाहायला हवी तर तिची छोटी प्रत खुशाल करा. मात्र काम झाल्यावर दुकानदार विचारेल, 'ही जुनी कॅसेट टाकून देऊ का?' तेव्हा ती परत मागून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)