व्यावसायिक कुस्ती : मल्लाला कसबाबरोबर वक्तृत्वही हवे का?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात किंवा ऑलिम्पिकच्या मॅटवर मल्लाने तोंडातून एक शब्दही काढला नाही, तरी निकालात फरक पडत नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले, ते केवळ डाव-प्रतिडावांच्या बळावर. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीचा न्याय मात्र वेगळा आहे. तेथे विजेता कोण, हे लढतीपूर्वीच ठरलेले असते. साहजिकच कोणाला विजेता ठरवायचे, हा निर्णय ताकदीपेक्षा प्रेक्षकांच्या प्रतिसादावर अवलंबून राहतो. त्यातूनच या क्षेत्रातील एक जुना वाद उभा राहतो : उत्तम कुस्ती करणाऱ्या मल्लाला करिश्मा आणि बोलण्याची हातोटी असावीच लागते का?

खेळ आणि प्रयोग

ही कुस्ती म्हणजे करमणुकीचा प्रयोग आहे, हे या व्यवसायाने दीर्घकाळ उघडपणे मान्य केले नव्हते. आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईची पूर्वसुरी असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफने १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे ही बाब स्पष्ट केली. क्रीडास्पर्धांना लागू होणारे नियमन आणि कर टाळणे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

निकाल ठरलेला असला, तरी कौशल्य खोटे नसते. प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटायचे, पण त्याची मान किंवा पाठ दुखावता कामा नये. फटका प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत खरा वाटला पाहिजे, पण समोरच्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहता आले पाहिजे, ही या कलेची पहिली अट आहे. समोरच्याच्या डावाचा परिणाम आपल्या शरीरातून दाखवणे, याला या व्यवसायात ‘सेलिंग’ म्हणतात. नायकाच्या भूमिकेतील मल्ल ‘बेबीफेस’, तर खलनायक ‘हील’. कोणता डाव केव्हा टाकायचा, प्रेक्षकांना कोठे ताणून धरायचे आणि कोठे मोकळे करायचे, हे जाणणारा मल्लच कुशल मानला जातो.

वक्तृत्वाला महत्त्व का आले?

या प्रश्नाचे मूळ अर्थकारणात आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील कुस्तीचे कार्यक्रम दीर्घकाळ मुख्यतः प्रत्यक्ष लढतींची तिकिटे खपवण्यासाठी असत. मल्ल कॅमेऱ्यासमोर येऊन प्रतिस्पर्ध्याला आव्हान देई आणि वैराचे कारण सांगे. यालाच ‘प्रोमो’ म्हणतात. ज्याचे बोलणे ऐकून लोक घराबाहेर पडत, तो आयोजकांना हवाहवासा वाटे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘गॉर्जस जॉर्ज’ या नावाने गाजलेले जॉर्ज वॅग्नर हे याचे ठळक उदाहरण. सोनेरी कुरळे केस, भरजरी झगे आणि अखंड आत्मप्रौढी यांमुळे लोक त्यांचा पराभव पाहण्यासाठी पैसे मोजून येत. तरुण मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांची १९६१ मध्ये लास व्हेगास येथे त्यांच्याशी गाठ पडली. बढाई मारण्याची आपली शैली या भेटीतून घडल्याचे अली यांनी पुढे मान्य केले.

स्टीव्ह ऑस्टिन यांची कारकीर्द या संदर्भात अधिक बोलकी आहे. ते तांत्रिकदृष्ट्या पक्के मल्ल होते. तरीही १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीने त्यांना काढून टाकले. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये प्रवेश केल्यावर त्यांना ‘रिंगमास्टर’ ही भूमिका देण्यात आली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचे काम टेड डिबियासी यांच्याकडे सोपवण्यात आले. ही भूमिका फारशी चालली नाही. जून १९९६ मध्ये ‘किंग ऑफ द रिंग’ स्पर्धा जिंकल्यानंतर ऑस्टिन यांनी स्वतः केलेल्या छोट्याशा भाषणाने चित्र पालटले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका लढतीत त्यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली. काही महिने त्यांना नेहमीसारखे लढता आले नाही, तरीही बोलणे आणि वावर यांच्या जोरावर त्यांची लोकप्रियता टिकून राहिली. मार्च १९९८ मध्ये ते विजेतेपदापर्यंत पोहोचले. केवळ लढतींवर अवलंबून असलेल्या मल्लाला अशी दुखापत फार महागात पडली असती.

ड्वेन जॉन्सन १९९६ मध्ये ‘रॉकी माइव्हिया’ या हसतमुख नायकाच्या रूपात आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी ते उद्धट खलनायक झाले, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि ‘द रॉक’ म्हणून जगभर पोहोचले. माणूस तोच होता. त्याला आपला आवाज मात्र आता सापडला होता.

वाणी उसनी मिळते

बोलणे कमी पडले, तर त्यावर या व्यवसायाने जुना तोडगा काढलेला आहे. तो म्हणजे मल्लाच्या वतीने बोलणारा ‘मॅनेजर’. ब्रॉक लेस्नर हे २००० मधील अमेरिकी महाविद्यालयीन हेवीवेट विजेते. डब्ल्यूडब्ल्यूईत २००२ मध्ये त्यांच्यासोबत वाक्पटू पॉल हेमन देण्यात आले आणि त्याच वर्षी, वयाच्या २५ व्या वर्षी, लेस्नर यांनी द रॉकला हरवून विजेतेपद पटकावले. बोलायचे हेमन यांनी आणि धाक बसायचा लेस्नर यांचा, ही विभागणी पुढेही अनेक वर्षे चालली. ‘द अंडरटेकर’ यांच्या मौनाला पॉल बेअरर यांच्या कापऱ्या, चिरक्या आवाजाने अर्थ दिला. महाराष्ट्रातील कुस्ती मैदानांतही मल्ल अबोल असतो. त्याचे गाव, वस्ताद आणि गाजवलेल्या कुस्त्या निवेदक सांगतो. फरक एवढाच, की तेथे निवेदकाच्या शब्दांनी निकाल ठरत नाही.

करिश्मा म्हणजे भाषण नव्हे

या वादात करिश्मा आणि वक्तृत्व यांना अनेकदा एकच समजले जाते. प्रत्यक्षात या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मेक्सिकोतील ‘लुचा लिब्रे’ परंपरेतील एल सान्तो यांचा चेहराही रुपेरी मुखवट्याआड असे. तरीही ते ५० हून अधिक चित्रपटांचे नायक आणि लोकनायक ठरले. कॅनडाचे ब्रेट हार्ट हे पल्लेदार भाषणांपेक्षा नेमक्या डावांसाठी ओळखले जात. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार प्रेक्षकांसमोर मेहुणे डेव्ही बॉय स्मिथ यांच्याशी झालेली त्यांची लढत आजही आदर्श मानली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कंपनीचे सर्वोच्च विजेतेपद मिळवणारे मल्ल ठरले.

६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या ‘रेसलमेनिया’मध्ये हा फरक एकाच रात्री दिसला. लहान चणीचे, पण अत्यंत कुशल डॅनियल ब्रायन यांनी विजेतेपद मिळवले. त्यांच्यामागे उभा होता तो दोन्ही हात उंचावून हजारो प्रेक्षकांनी केलेला ‘येस’ या एकाच शब्दाचा गजर. त्याच रात्री लेस्नर यांनी अंडरटेकर यांची या सोहळ्यातील २१ विजयांची अपराजित मालिका खंडित केली. एकाच्या वतीने प्रेक्षक बोलत होते, तर दुसऱ्याच्या वतीने मॅनेजर.

भारतीय मल्लांपुढील पेच

भारतात या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. दारा सिंग यांनी १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवले, तेव्हा त्यांना इंग्रजीतून आव्हान देण्याची गरज भासली नाही. धिप्पाड देह, शांत चेहरा आणि चित्रपटांतील सज्जन नायकाची प्रतिमा एवढ्यावर त्यांनी देशभर आदर मिळवला. १९९० च्या दशकातील मुलांच्या हाती असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवरही मल्लांची उंची, वजन, छाती आणि दंडांची मापे असत. वक्तृत्वाला त्यात रकाना नव्हता.

प्रत्यक्ष व्यवसायात मात्र हा रकाना महत्त्वाचा ठरतो. हिमाचल प्रदेशातील दलीप सिंग राणा म्हणजेच ‘द ग्रेट खली’ २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत दाखल झाले आणि जुलै २००७ मध्ये जागतिक हेवीवेट विजेते झाले. त्यांच्या वतीने बोलण्यासाठी आधी दैवारी आणि नंतर दुभाष्याच्या भूमिकेतील रणजिन सिंग यांची योजना करण्यात आली होती. पंजाबी वंशाचे कॅनेडियन मल्ल जिंदर महल यांनी मे २०१७ मध्ये विजेतेपद मिळवल्यावर आपल्या भाषणात पंजाबीचा वापर करून वेगळी वाट दाखवली. दक्षिण आशियाई स्पर्धेत भारोत्तोलनाचे सुवर्णपदक मिळवलेल्या कविता देवी २०१७ मध्ये सलवार-कमीज घालून रिंगणात उतरल्या. त्यांची ओळख कोणत्याही भाषणाआधी पोशाखानेच करून दिली.

प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते. ज्याची गोष्ट प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही, त्याचा करार संपुष्टात येण्याची शक्यता अधिक. आखाड्यातून किंवा अन्य खेळांतून तेथे जाणाऱ्या भारतीय तरुणाला डावांबरोबर परक्या भाषेत कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचाही सराव करावा लागतो, तो यामुळेच. फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रशिक्षण केंद्रात कुस्तीबरोबर बोलण्याचेही वर्ग घेतले जातात. आपल्या काळातील श्रेष्ठ वक्ते मानले गेलेले मल्ल डस्टी ऱ्होड्स हे निधनापर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, तेथे मार्गदर्शन करीत होते.

निष्कर्ष

या उदाहरणांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. कसब ही प्रवेशाची अट आहे, कारण त्यावर समोरच्या माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. करिश्मा, म्हणजे प्रेक्षकांना आपल्या जय-पराजयाची पर्वा करायला लावण्याची शक्ती, ही शिखरावर पोहोचण्याची अट आहे. तिच्याविना उत्तम मल्लही बहुधा मधल्या फळीतच राहतो. वक्तृत्व हे ती शक्ती व्यक्त करण्याचे सर्वांत सोपे आणि दुखापतीतही हाताशी राहणारे साधन आहे. मात्र ते एकमेव नाही : मौन, मुखवटा, देहबोली किंवा उसना आवाज यांनीही ते काम होऊ शकते. मल्लाने बोललेच पाहिजे असे नाही. त्याच्याविषयी प्रेक्षकांनी मात्र बोलत राहिले पाहिजे.