काकीनाड्याचा अभ्यास आणि आमचं हजेरीपत्रक



दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. तुमच्याकडंही वाचत असतील. सातव्या दिवशी सातवा, म्हणजे व्रतांचा अध्याय. इतकी वर्षं ऐकतेय की आता अर्धं लक्ष घरच्या पारण्याच्या तयारीत असतं, खोटं कशाला बोलू. पण यंदा परिग्रह-परिमाणाशी येऊन अडकले. श्रावकानं कशाकशाला मर्यादा घालून घ्यायची त्याची यादी तिथं आहे. शेत आणि घर, चांदी-सोनं, धन-धान्य, दासी-दास, कपडे-भांडी. पंडितजी पुढं गेले आणि मी दासी-दास या शब्दापाशीच बसून राहिले. एका बाजूला धान्य, दुसऱ्या बाजूला भांडी आणि मधे माणसं.

त्याला कारणही होतं. माझी भाची मॅनेजमेंट शिकते. सुट्टीत आली होती, जाताना एक पुस्तक माझ्याकडं विसरून गेली. त्यात लहान धंद्यांवरच्या एका जुन्या अभ्यासाची हकीकत होती, ती मी त्याच आठवड्यात वाचत होते. मी १९८१ ची बी. कॉम., पण आम्हाला असलं काही नव्हतं. आम्हाला जमाखर्च, कॉस्टिंग आणि कंपनी कायदा. धंदा करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं हाही अभ्यासाचा विषय असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. मॅक्स वेबर नावाच्या विद्वानानं १९०४-०५ मध्ये एक मोठा निबंध लिहिला. युरोपातल्या प्रोटेस्टंट पंथातली कष्टाची, काटकसरीची आणि हिशेबीपणाची शिकवण आणि तिथली भांडवलशाही यांचं नातं आहे, असं त्याचं म्हणणं. (१९०४ सालीच आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण साल जुळलं की मला बरं वाटतं.) पुढं वेबरनं भारतातल्या धर्मांवरही लिहिलं आणि त्यात आपल्याबद्दल बरंच आहे. अहिंसेमुळं जैनांना शेती आणि पुष्कळसे कारागिरीचे धंदे वर्ज्य झाले, म्हणून ते व्यापारात गेले. व्यवहारात सचोटी, राहणीत संयम, त्यामुळं पैसा साठला. पण ते व्यापारातच राहिले, कारखानदारीकडं वळले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष.

वाचून मला हसू आलं. वेबरसाहेब भारतात कधी आलेच नाहीत. आले असते आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठानं फिरले असते, तर त्यांना नांगरामागं चालणारे जैन गावोगाव दिसले असते. माझं माहेर त्यातलंच. आणि कारखानदारीचं म्हणाल तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी साखर, जहाजं आणि १९४० मध्ये विमानाचा कारखानासुद्धा काढला. अर्थात वेबरनं लिहिलं ते त्याच्या आधी, म्हणून वालचंदांपुरतं त्याला माफ.

त्याचा धागा पुढं उचलला डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. हे हार्वर्डमध्ये शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की धर्म बाजूला ठेवा. काही माणसांच्या मनात, काल केलं त्यापेक्षा आज चांगलं करून दाखवावं अशी ओढ असते. ती जिथं जास्त, तिथं धंदे वाढतात. आता ही ओढ मोजायची कशी? माणसाला एक चित्र दाखवायचं आणि त्यावर चार-पाच मिनिटांत गोष्ट लिहायला सांगायची. एकच चित्र बघून एक जण लिहितो, हा माणूस घरच्यांच्या आठवणीत रमलाय. दुसरा लिहितो, हा नवं यंत्र कसं बसवावं त्याचा विचार करतोय. देशांची ओढ मोजायला तर त्यांनी लहान मुलांची शाळेची पुस्तकं घेतली. १९२५ च्या सुमारास ज्या देशांतल्या मुलांच्या गोष्टींत कर्तबगारी जास्त, त्या देशांत पुढच्या पंचवीसएक वर्षांत विजेचं उत्पादन जास्त वेगानं वाढलं, असं त्यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. नातवंडांना झोपताना आपण काय सांगतो, ते कुणीतरी असं मोजेल असं वाटलं होतं का तुम्हाला?

मुलांचा तो कड्या फेकण्याचा खेळही त्यांचाच. जमिनीत खुंटी, हातात कड्या, उभं कुठंही राहा. काही मुलं खुंटीला चिकटून उभी राहतात, काही उगाच लांबून फेकतात. ज्यांच्यात ती ओढ जास्त ती मधोमध उभी राहतात. नेम चुकू शकतो, पण प्रयत्नानं लागूही शकतो, अशा जागी. वाचताना मला आमच्या ह्यांची आठवण झाली. कर्ज काढताना हे बरोबर मधेच उभे राहायचे. मामंजी मात्र कायम खुंटीला चिकटून.

मग प्रश्न आला की ही ओढ शिकवता येते का? आपल्या सरकारनं लघुउद्योगांच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली होती. ती १९६२ मध्ये हैदराबादला आली, सिएट म्हणायचे तिला. मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड विंटर यांनी प्रयोगासाठी आंध्रच्या किनाऱ्यावरचं काकीनाडा हे बंदराचं गाव निवडलं. १९६४ पासून तिथल्या पन्नासावर व्यावसायिकांना तुकड्यातुकड्यांनी हैदराबादला दहा-दहा दिवस राहायला नेलं. दुकानदार आणि छोटे कारखानदार, आपल्या ओळखीचीच माणसं. त्यांना हिशेब शिकवले नाहीत की यंत्रं दाखवली नाहीत. कड्यांचा खेळ, चित्रांवरच्या गोष्टी, एकमेकांशी मोकळं बोलणं आणि शेवटी पुढच्या दोन वर्षांत मी काय करणार ते कागदावर लिहून द्यायचं. मग जवळच्या राजमहेंद्रीतले, प्रशिक्षण न घेतलेले व्यावसायिक तुलनेला धरले आणि वाट पाहिली.

१९६९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. शिकून गेलेल्यांची हालचाल इतरांपेक्षा जास्त दिसली. ते जास्त तास काम करत होते, नवे धंदे सुरू करायला धडपडत होते, यंत्रं-इमारतींत जास्त पैसा घालत होते आणि जास्त माणसं कामाला ठेवत होते. आपल्याकडचे उद्योजकता शिबिरांचे जे वर्ग निघाले त्यांचं बी इथलं. १९७० च्या सुमारास गुजरातनं ते मोठ्या प्रमाणावर सुरू केले, १९८३ मध्ये अहमदाबादला त्यासाठी वेगळी संस्था झाली आणि १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राचं केंद्र औरंगाबादला.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार पटली. दहा दिवसांच्या शिकवणीचा उपयोग कुणाला झाला? ज्यांच्या हातात धंद्याचे निर्णय होते त्यांना. पेढीवर वडील किंवा थोरले भाऊ बसलेले आणि हा नुसता हाताखाली, अशांची ओढ वाढून काय वाढणार! एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे सांगायला हार्वर्डची गरज नव्हती, पण कुणीतरी लिहून ठेवलं हे बरं झालं.

दुसरी गोष्ट खुपली. माणसं जास्त ठेवली, हे यशाचं माप धरलंय. देशाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, चार घरांत चूल पेटली. पण ती माणसं कोण, किती तास राबत होती, मालकाची ओढ वाढल्यावर त्यांचं काय झालं? चित्रं मालकांना दाखवली, कामगारांना कुणी चित्र दाखवलं नाही. इमारत, यंत्र आणि माणूस एकाच यादीत, एकाखाली एक. सातव्या अध्यायात अडकले ती यामुळं. दोन्ही याद्या मला एकाच वहीतल्या वाटल्या. एकीत आकडा वाढला की शाबासकी, दुसरीत वाढला की दोष.

आता आमच्या घरचं सांगते. मामंजींनी एका मुनिमहाराजांकडं परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. शेत इतके एकर, सोनं इतके तोळे, माग आठ. त्याच्यावर नाही. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, बीम त्याचा, आम्ही मजुरीवर कापड विणून द्यायचं. आठ मागांवर घर चालत होतं, पण वाढत नव्हतं. १९८६ मध्ये ह्यांना आणखी आठ माग घ्यायचे होते. मामंजी व्रत मोडणार नाहीत आणि त्यांच्या शब्दाबाहेर हे जाणार नाहीत. मग तोड निघाली. नवे आठ माग सुनेच्या नावावर घ्यायचे.

असे दोन्ही प्रश्न सुटले. (एका दगडात दोन पक्षी, असं आपल्याला म्हणता येत नाही!) दुसरा प्रश्न फॅक्टरी कायद्याचा. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की तेव्हा १९४८ चा कायदा लागायचा, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. सोळा मागांना विणकर आठ, चार दिवसाचे, चार रात्रीचे. शिवाय दोन कांडीवाल्या, एक जॉबर, एक घडीवाला. झाले बारा. दोन नावांत वाटले की सहा-सहा. एकच शेड, मधे विटांची कमरेएवढी भिंत, दोन मीटर आणि दोन पाट्या. आम्हीच असं केलं असं नाही. गावात बहुतेकांनी हेच केलं होतं आणि आमच्या कर-सल्लागारांनीही हेच सांगितलं. पण सह्या मी केल्या. काय करतोय ते न कळता केल्या असंही नाही, कॉमर्सच्या पदवीधर बाईला ते कळतं.

प्रोप्रायटर म्हणून माझं नाव पाटीवर आलं तेव्हा माहेरचे किती खूश झाले! दर शनिवारी पगार मीच वाटायची. पिकावर मजुरी, त्यातून उचल कापायची, उरेल ते हातात. पण मजुरी किती, कुणाला ठेवायचं, रात्रपाळी बारा तासांची असावी की नसावी, यातलं एकही मला कुणी विचारलं नाही. काकीनाड्याच्या हिशेबात मी मालक धरली गेले असते का, कोण जाणे.

आमच्याकडं एक कांडीवाली होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. एकोणीस वर्षं होती. मागांच्या आवाजानं तिला कमी ऐकू यायला लागलं, मग तिच्याशी सगळे हातवाऱ्यांनीच बोलायचे. गुडघे गेल्यावर तिला थांबवलं. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "वहिनी, एवढी वर्षं केलं, काही मिळतं का हो?" ग्रॅच्युइटीलाही दहाचीच अट आहे. मी आत जाऊन ह्यांना विचारलं. ह्यांनी एक रक्कम सांगितली, मी त्यात माझ्याकडचे थोडे घातले आणि एक साडी दिली. तिनं डोक्याला लावून घेतली. ती नक्की कोणाच्या आठ मागांवर होती, माझ्या की ह्यांच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. कांड्या दोन्हीकडच्या भरायची.

मामंजींनी व्रत कसोशीनं पाळलं, यात मला शंका नाही. ते स्वतःच्या आठ मागांच्या बाजूलाच बसायचे, भिंतीपलीकडं पाय टाकत नसत. अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण येतं, झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं. ते बैलाबद्दल फार जपायचे. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं शेतावर बैल होते, उन्हाच्या वेळी त्यांना जुंपू देत नसत. रात्रपाळीच्या बारा तासांबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, मीही नाही. आता ते नाहीत, आणि असते तरी सुनेनं असं विचारलं असतं असं मला वाटत नाही.

माग पंधरा वर्षांपूर्वी विकले, भंगाराच्या भावानं. पर्व संपल्यावर माळ्यावरून जुनी हजेरीपत्रकं काढली. माझ्याच अक्षरात आहेत. विणकरांची नावं आहेत, तीही अर्धी. कांडीच्या ओळीला नाव नाही, 'कांडी – २' एवढंच. खाली रक्कम. एकोणीस वर्षं मी दर शनिवारी तेच लिहिलं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "अहो, आपल्याकडं सगळी मिळून माणसं किती होऊन गेली?"

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "सोळा माग होते."

मी एका वहीत नावं लिहायला घेतली आहेत. आत्तापर्यंत तेवीस झाली. मावशीचं नाव तिच्या सुनेकडून कळलं, सुशीला. वहिफणीला दोघं भाऊ यायचे, त्यातल्या धाकट्याचं काही केल्या आठवत नाही.