ध्वनिक्षेपणाचा खर्च कोणीं सोसावा?



कीर्तन संपत आलें आणि आरतीला आरंभ झाला, म्हणजे एक तबक सभामंडपांतून फिरूं लागतें. कोणी त्यांत रुपया टाकतो, कोणी चार नाणीं टाकतो, आणि ज्याच्यापाशीं कांहींच नसतें तो ज्योतीवर हात धरून डोळ्यांस लावतो व तबक पुढें सरकवतो. आख्यान ऐकण्यापूर्वीं दाराशीं कोणी मूल्य मागितलेलें नसतें, आणि न देणाऱ्यास कोणी उठवूनही लावीत नाहीं. कीर्तनाचा सांचाही असाच मोकळा आहे. पूर्वरंगांत अभंगाचें निरूपण आणि उत्तररंगांत आख्यान ही नारदीय पद्धति कोणा एकाच्या मिळकतींत लागलेली नाहीं. ज्यानें ती आत्मसात् केली त्यानें पैठणास उभें राहावें कीं पंढरपुरास, त्याला परवाना लागत नाहीं. पैठण आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हां हा व्यवहार येथील श्रोत्यांस समजावून देण्याचें प्रयोजन नाहीं. तो आरंभीं सांगितला तो एवढ्यासाठीं कीं, यंत्रानें दूरवर जाणाऱ्या मानवी आवाजाला असें तबक आणि असा मोकळा सांचा लाभावा म्हणून गेल्या शंभर वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

ह्या इतिहासाचें पहिलें पान मुंबईचें आहे. ऑगस्ट १९२१ मध्यें 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रानें टपाल व तार खात्याच्या साह्यानें संगीताचा एक कार्यक्रम मुंबईहून प्रक्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. हें केवळ कौतुक होतें. खरा आरंभ झाला तो हौशी लोकांच्या रेडिओ क्लबांनीं. १९२३-२४ च्या सुमारास कलकत्त्यास, मुंबईस व मद्रासेस असे क्लब निघाले. सभासदांनीं वर्गणी काढावी, लहानसें यंत्र चालवावें, आणि आसमंतांत ज्याच्यापाशीं संच असेल त्यानें तें ऐकावें, अशी ही योजना होती. मद्रासच्या क्लबानें ३१ जुलै १९२४ पासून प्रक्षेपण चालविलें. परंतु १९२७ मध्यें पैसा संपला, आणि त्यांचें यंत्र तेथील नगरपालिकेच्या हवालीं करावें लागलें. वर्गणी देणारे मूठभर, ऐकणारे पुष्कळ, असा हा पहिला अनुभव.

त्याच वर्षीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. महिनाभरानें कलकत्ता केंद्र सुरू झालें. ह्या कंपनीचा हिशेब सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण आजही नव्यानें आवाज काढणारा प्रत्येक जण बहुधा त्याच हिशेबावर अडखळतो. कंपनीचें ठरलेलें भांडवल पंधरा लाखांचें. प्रत्यक्षांत जमले सहा लाख. त्यांतील साडेचार लाख दोन केंद्रें उभारण्यांतच गेले. उत्पन्न काय, तर ज्याच्या घरीं रेडिओ असेल त्यानें वर्षास दहा रुपयांचा सरकारी परवाना काढावा, आणि त्या दहांतले आठ रुपये कंपनीस मिळावे. १९२७ च्या अखेरीस परवाने होते ३,५९४, आणि १९२९ च्या अखेरीस ७,७७५. आठांनीं गुणून पाहा: वर्षाकाठीं बासष्ट हजार दोनशें रुपये. दोन शहरांतले गवई, वाजंत्री, व्याख्याते, यंत्रज्ञ आणि वीज एवढ्यांत भागवावयाची! परवान्याखेरीज चोरून ऐकणारे निराळेच होते. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. कंपनी बुडाली, पण कोणाचाही संच निरुपयोगी झाला नाहीं. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणाची रीत ही त्या कंपनीची खासगी युक्ति नव्हती. लहरींची लांबी जाहीर असे. विलायती कारखान्याचा महागडा संच असो, वा एखाद्या विद्यार्थ्यानें स्फटिकाचा खडा आणि तारेचें वेटोळें जुळवून केलेला असो, दोहोंना ती लहर सारखीच उमगे. सरकारनें १ एप्रिल १९३० पासून केंद्रें आपल्या ताब्यांत घेतलीं आणि श्रोत्यांनीं त्याच संचांवर पुनः ऐकण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर १९३१ मध्यें तोट्याचें कारण दाखवून सरकारनें केंद्रें बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां लोकांनीं व संचविक्रेत्यांनीं एवढी ओरड केली कीं, महिना-दीड महिन्यांतच तो निर्णय फिरवावा लागला. ८ जून १९३६ पासून ह्याच व्यवस्थेचें नांव 'ऑल इंडिया रेडिओ' झालें.

सांचा मोकळा राहिला खरा. परंतु बोलण्याचा अधिकार सरकारपाशीं गेला. आणि सरकारी आवाज म्हणजे काय, हें आमच्या मराठवाड्याइतकें थोड्यांनीं अनुभविलें असेल.

निजामाच्या राज्यांत हैदराबादेस सरकारी नभोवाणी चालत असे, आणि तिचें दुसरें केंद्र होतें आपल्या ह्याच शहरीं, ज्याचें अधिकृत नांव २०२३ पर्यंत औरंगाबाद असें होतें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं भारताच्या वांट्यास ऑल इंडिया रेडिओचीं सहा केंद्रें आलीं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. संस्थानांचीं पांच होतीं: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदें, हैदराबाद आणि औरंगाबाद. नागपूरला केंद्र मिळण्यास १९४८ साल उजाडावें लागलें, आणि विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यास तर १९५३ पर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या शहराला ह्या बाबतींत थोडी फुशारकी मारण्यास हरकत नाहीं.

परंतु फुशारकी तेथेंच संपते. ज्या राज्यांत 'गश्ती निशाण ५३' ह्या फर्मानान्वयें परवानगीवांचून साधी सभा भरवितां येत नसे, जेथें प्रजेची महाराष्ट्र परिषद १९३७ सालीं परतूरला भरली ती सरकारच्या डोळ्यांत सलत होती, त्या राज्याच्या नभोवाणीवर प्रजेचें गाऱ्हाणें उमटावें कोठून? यंत्र गांवांत होतें, आवाज गांवाचा नव्हता. १४ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा शहरांत आल्या, आणि १७ सप्टेंबरच्या सायंकाळीं खुद्द निजाम हैदराबाद केंद्रावरून बोलला. आजवर ज्याच्या आज्ञेनें ती नभोवाणी चालली, तो स्वतः तीवर बोलण्यास उभा राहिला तो राज्य हातचें गेल्यावर! १ एप्रिल १९५० पासून हैदराबाद व औरंगाबाद हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओंत सामील झालीं.

सरकारी आवाजास उत्तर म्हणून गुप्त आवाज काढण्याचे दोन पराक्रम मराठी मुलखाच्या आसपास घडले. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. जागा पुनः पुनः बदलीत, देशभक्त व्यापाऱ्यांच्या साह्यानें तो सुमारें अडीच महिने चालला, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तो पकडला. गोव्याच्या मुक्तीसाठीं वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनीं २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या व पुढें कॅसलरॉकच्या रानांतून पोर्तुगीज व कोंकणी भाषांत केलेलें प्रक्षेपण मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, अखंड टिकलें. दोहोंतील अंतर उघड आहे. मुंबईचें यंत्र शत्रूच्या हद्दींत होतें, आंबोलीचें नव्हतें. प्रक्षेपणयंत्र कोठें तरी उभें करावेंच लागतें. आणि जेथें तें उभें असतें तेथील राजसत्तेच्या मुठींत त्याचा गळा असतो.

स्वतंत्र भारतांतही ही मूठ लवकर सैल झाली नाहीं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यांत, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांच्या लेखणींतून तो उतरला. तंटा क्रिकेटच्या सामन्यांचा आणि निकाल वाणीच्या स्वातंत्र्याचा, हा योग मोठा मौजेचा होय. तरीही सामान्य संस्थांना आपलें लहान केंद्र काढण्याची मुभा मिळण्यास २००६ चा नोव्हेंबर उजाडला. ह्या मुभेचा पहिला मान मिळाला, तो पूर्वीच्या निजामी मुलखांतल्याच मेदक जिल्ह्यांतील दलित स्त्रियांच्या 'संगम रेडिओ'ला. १५ ऑक्टोबर २००८ रोजीं तो वाजूं लागला. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आजतागायत आहे, हें मात्र विसरतां येत नाहीं.

यंत्र उभें करण्याची ही अडचण मुळांतच टाळणारी युक्ति आली ती अमेरिकेंतून. डेव्ह वायनर ह्या संगणककारानें डिसेंबर २००० मध्यें 'आर. एस. एस.' नांवाच्या मजकूर-यादीच्या पद्धतींत एक लहानशी भर घातली. ह्या तीन इंग्रजी अक्षरांचा नागपूरच्या सुप्रसिद्ध संस्थेशीं कांहीं संबंध नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. युक्ति अशी: ज्याला बोलावयाचें आहे त्यानें आपलें भाषण ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर कोठेंही ठेवावें, आणि साध्या मजकुराची एक यादी दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. यादींत प्रत्येक भाषणाचें शीर्षक, तारीख, आणि मुद्रण कोठें आहे, केवढें आहे व कोणत्या जातीचें आहे, एवढेंच लिहावें. श्रोत्याच्या यंत्रांतील वाचक ठराविक वेळानें ती यादी पाहून येतो व नवें भाषण दिसल्यास आपण होऊन उचलून आणतो. वहीखातें ठेवणाऱ्या कोणाही वाण्यास समजेल अशी ही व्यवस्था आहे. फेब्रुवारी २००४ मध्यें बेन हॅमर्सले ह्या इंग्रज पत्रकारानें तिला 'पॉडकास्टिंग' असें नांव सुचविलें, आणि जून २००५ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या आयट्यून्समध्यें तिला स्थान दिलें.

वायनरनें केलेली याहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जुलै २००३ मध्यें ह्या पद्धतीच्या नियमावलीचा हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोंपविण्यांत आला व ती कोणासही वापरण्यास मोकळी करण्यांत आली. ह्या एका कृत्याचें मोल पुढें कळलें. २०१९ पासून स्पॉटिफाय कंपनीनें पॉडकास्टच्या संस्था विकत घेतल्या, आणि कांहीं नामांकित वक्त्यांचे कार्यक्रम केवळ आपल्याच दुकानांत ऐकावयास मिळतील असे करार केले. तीच कंपनी २०२४ मध्यें त्यांतील सर्वांत नामांकित कार्यक्रम पुनः सर्वत्र सोडण्यास तयार झाली. त्याच वर्षीं गूगलनें आपलें पॉडकास्टचें साधन बंद केलें. आपल्याकडे ॲन्ड्रॉइड फोनवर तेंच अनेकांचें ऐकण्याचें दार होतें; तरी श्रोत्यास आपली यादी उचलून दुसऱ्या साधनांत नेतां आली, आणि बोलणाऱ्यास तर कांहींच करावें लागलें नाहीं. १९३० सालीं कंपनी बुडाली तरी संच वाजतच राहिले होते, त्याचीच ही आवृत्ति.

पैशाचा प्रश्न मात्र ह्या युक्तीनें सुटत नाहीं. १५ एप्रिल १९४९ रोजीं कॅलिफोर्नियांत बर्कली येथें लुईस हिल यानें के. पी. एफ. ए. नांवाचें केंद्र काढलें. जाहिरात घ्यावयाची नाहीं, सरकारचेंही घ्यावयाचें नाहीं, श्रोत्यांच्या स्वेच्छेच्या वर्गणीवर चालवावयाचें, अशी प्रतिज्ञा होती. ऑगस्ट १९५० मध्यें तें पैशावांचून बंद पडलें. पण मद्रासच्या क्लबासारखें तें संपलें नाहीं. श्रोत्यांनीं वर्गण्या जमविल्या व मे १९५१ मध्यें तें पुनः सुरू झालें, तें आजही चालू आहे. आरतीचें तबक रेडिओसमोर फिरूं शकतें याचा हा पुरावा. पॉडकास्टच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकीं ॲडम करी यानें २००७ पासून आपला कार्यक्रम ह्याच तत्त्वावर चालविला आहे: ऐकून जेवढी किंमत वाटली तेवढी द्या, पैसा नसेल तर श्रम द्या. २०२० मध्यें त्यानें डेव्ह जोन्स यांच्यासह 'पॉडकास्ट इंडेक्स' ही खुली सूची काढली आणि वर्गणीचा पत्ता यादींतच लिहितां यावा अशी सोय त्या जुन्या पद्धतीस जोडली.

आमच्याकडे ह्या कामीं सर्वांत मोठी सोय झाली ती पॉडकास्टवाल्यांनीं केलेली नव्हे. एप्रिल २०१६ मध्यें सुरू झालेल्या यू. पी. आय. पद्धतीनें कोणत्याही बँकेंतून कोणत्याही बँकेंत, कोणत्याही कंपनीच्या साधनानें, पैसा पाठवितां येऊं लागला. तीही एक मोकळी वाटच म्हणावयाची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनें कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या मासिक रकमांवर कडक नियम घातले, तेव्हां परदेशी संस्थांमार्फत वर्गणी घेणाऱ्यांची पुष्कळ तारांबळ उडाली. माझ्या मतें तो नियम श्रोत्याच्या हिताचाच होता. वर्गणी विसरून कापली जाण्यापेक्षां आठवणीनें दिलेली बरी. तबक दर वेळीं समोर येतें तें त्यासाठींच. १९२७ सालीं श्रोत्याच्या दहा रुपयांतले दोन वाटेंतच राहत. आज तेवढेच दहा रुपये चौकोनी ठशासमोर फोन धरून पाठविले, तर बोलणाऱ्याच्या बँकखात्यांत दहाच्या दहा जमा होतात.