कमानीच्या खिडकीचा पडदा

गतवर्षी उरण परिसरातील एका नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. पवित्र पाणी शिंपडत खोल्याखोल्यांतून फिरत असता दिवाणखान्यात आलो. पश्चिमेच्या भिंतीत तीन मोठ्या कमानदार खिडक्या होत्या आणि तिन्हींवर वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले होते. आमची नजर तिकडे गेलेली पाहून घरच्या बाई ओशाळून म्हणाल्या, "फादर, हौसेने कमानी काढल्या खऱ्या, पण त्यांना पडदा कसा लावायचा हे कोणी नीट सांगत नाही. पडदेवाला म्हणतो, वरचा गोल भाग प्लायवूडने बुजवून टाका, म्हणजे काम सोपे होईल."

"तेवढे मात्र करू नका, बाई," आम्ही नको इतक्या घाईने म्हणालो. त्या घाईमागे आमचीच एक जुनी चूक होती. ती सांगण्यापूर्वी या कमानीच्या खिडकीचा आपल्या किनाऱ्यावरील इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. कारण त्या गृहिणीला पडलेला प्रश्न नवा नाही, आणि त्याची चांगली उत्तरे आपल्या पूर्वजांनी शोधून ठेवलेली आहेत.

उरण म्हणजे पूर्वीचे करंजा बेट. सोळाव्या शतकात ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांनी ते जिंकले. १७७४ साली साष्टीबरोबर ते इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. द्रोणागिरीच्या माथ्यावरील पडक्या चर्चचे अवशेष आजही त्या पहिल्या कालखंडाची साक्ष देत उभे आहेत. कमान पोर्तुगीजांनीच या देशात आणली असे मात्र कोणी समजू नये. दख्खनच्या मशिदी, दर्गे आणि किल्ल्यांचे दरवाजे यांत ती त्यापूर्वीच रुळलेली होती. परंतु जाड भिंतीत उंचावर खिडकी ठेवायची, तिला गोल माथा द्यायचा आणि तिच्यातून सभागृहभर प्रकाश घ्यायचा, ही रीत आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने देवळांच्या बांधकामाबरोबर रुजली.

कमानीमागे शोभेआधी एक साधे कारण होते. दगडाची लांब तुळई मध्येच तडकते. कमानीत मात्र प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर भार टाकतो आणि तो भार दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. त्यामुळे खिडकी रुंद ठेवता येते. अडचण उरते ती एवढीच की भिंतीचे काम गवंड्याने गोल केले, तरी ती खिडकी झाकणारा सुतार आणि शिंपी सरळ रेषेत काम करतात. फळी सरळ, बिजागरी सरळ, कापडाचा ताणाही सरळ. गोल माथ्याचे झडप उघडताना जाड भिंतीच्या कमानीवर अडते. मग गोलाला झाकायचे कसे?

पहिले उत्तर समुद्राने दिले. त्या काळी तावदानाची काच आपल्याकडे दुर्मिळ आणि महाग होती. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने तेथील खिडक्यांना काचेऐवजी पातळ, गुळगुळीत शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले पाहिले. १६७० च्या दशकात सुरतेस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही काच महाग असल्यामुळे खिडक्यांना शिंपले लावत असल्याचे नोंदवले आहे. हा शिंपला एका चपट्या कालवाचा. शास्त्रज्ञ त्याला प्लाकुना प्लासेंटा म्हणतात. पापडासारखा पातळ, जवळजवळ गोल आणि अर्धपारदर्शक. गोव्यातील नावशीचा उपसागर, कच्छचे आखात आणि पूर्व किनाऱ्यावरील काकीनाडा ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. फिलिपाईन्समधील जुन्या घरांच्या खिडक्यांतही हाच शिंपला दिसतो.

शिंपल्याच्या कडा कापून त्याचा लहानसा चौकोन करीत आणि खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्यांच्या जाळीत असे चौकोन एकाशेजारी एक सरकवीत. खिळा नको, डिंक नको. एखादा शिंपला तडकला तर तेवढाच काढून दुसरा घालता येई. प्रकाश आत येई, पण दुपारच्या उन्हाची तिरीप डोळ्यांत जात नसे. घरातील माणूस रस्त्यावरून दिसत नसे. म्हणजे तावदान आणि पडदा ही दोन्ही कामे एकच वस्तू करीत असे.

आणि गोल माथ्याचे काय? येथे त्या सुतारांचे शहाणपण दिसते. जेथे उभी बाजू संपून वाकण सुरू होते, त्या पातळीवर ते एक आडवी पट्टी टाकीत. या पातळीला आपण कमानीचा खांदा म्हणू. खांद्याच्या वरचा अर्धचंद्र पक्का बसवीत. तो उघडायचा नसे, केवळ उजेडासाठी असे. खांद्याखाली मात्र सरळ दोन झडपे, नेहमीसारखी उघडणारी. एका खिडकीच्या दोन खिडक्या केल्या आणि प्रश्न सुटला.

एकोणिसाव्या शतकात साहित्य बदलले. विलायतेहून येणाऱ्या काचा मुबलक होऊ लागल्या, आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर युरोपचा माल मुंबईस आणखी लवकर पोहोचू लागला. त्यापूर्वीच, १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झालेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये टोकदार कमानींना रंगीत काचा लागल्या होत्या. कोकणातील सधन घरांतही खांद्यावरच्या अर्धचंद्रात तांबड्या, निळ्या, हिरव्या काचांचा पंखा उमटला आणि खाली झिलमिली आली. झिलमिलीच्या तिरप्या पट्ट्यांमधून वारा येतो, पावसाची झड बाहेरच्या बाहेर उतरते. रूप पालटले, पण वर पक्का उजेड आणि खाली उघडझाप ही जुनी विभागणी तशीच राहिली.

ही विभागणी मोडण्याचे पाप आमच्या हातून घडले. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका जुन्या धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो. देवळाला आठ कमानदार खिडक्या होत्या आणि त्यांतील काहींच्या अर्धचंद्रांत जुने शिंपले टिकून होते. बरेच तडकलेले, कित्येक जागा रिकाम्या, त्यांतून पारवे आत येत. सण जवळ आला होता. नवे पडदे लावावेत असे ठरले. आम्ही एका खिडकीचे माप घेऊ दिले आणि त्यावरून आठही पडदे शिवून आले. सगळ्या खिडक्या सारख्याच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. जुन्या चुन्याच्या बांधकामात दोन खिडक्या कधी सारख्या नसतात हे आम्हांस ठाऊक नव्हते. कोठे दोन इंच कमी, कोठे तीन इंच जास्त. सण चार दिवसांवर आलेला. तेव्हा कोणीतरी सुचवले की वरचा भाग प्लायवूडने बंद केला की खालचा चौकोन कसाही झाकता येईल. आम्ही होकार दिला. शिंपल्यांच्या जाळ्या उतरवल्या गेल्या आणि भंगाराच्या हातगाडीवर गेल्या.

सणाच्या दिवशी पडद्यांचे कौतुक झाले. पुढच्या रविवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर एक वृद्ध, निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. बरीच वर्षे ते पहिले वाचन करीत असत. ते म्हणाले, "फादर, पडदे छान आहेत. पण आता देवळात चार वाजताच तिन्हीसांजा होते. मला वाचता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी नेमा." त्यांनी दोष दिला नाही, आणि म्हणूनच ते बोलणे आमच्या मनात अधिक रुतले. वर्षभराने प्लायवूड काढून आम्ही तेथे साधी दुधी काच बसवली. गुरुजी पुन्हा वाचू लागले. शिंपले मात्र गेले ते गेलेच. २००१ साली हे कालव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घेतले गेले, त्यामुळे तसे शिंपले नव्याने आणणे हा आता सहज मार्ग राहिलेला नाही. जे जुने आहेत तेवढेच आपले.

या अनुभवातून आणि जुन्या सुतारकामाच्या निरीक्षणातून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

पहिली गोष्ट, कापड निवडण्यापूर्वी दिशा पाहावी. आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. छपराची पाखी पुरेशी पुढे असेल तर त्या वेळी खिडकीत थेट ऊन येत नाही. त्रास देते ते सकाळचे पूर्वेचे आणि दुपारनंतरचे पश्चिमेचे तिरपे ऊन. वेदीवरील वस्त्रे, तसबिरी आणि घरातील लाकूड त्यानेच विटते. म्हणून उत्तरेचा अर्धचंद्र मोकळा सोडण्यास हरकत नाही. पश्चिमेच्या अर्धचंद्राला दुधी काच किंवा पातळ पांढरे सुती कापड पुरते. नैर्ऋत्येकडून पावसाची झड येते. तेथे कापडापेक्षा झिलमिली बरी, कारण ओल्या पडद्याला बुरशी धरते. खाऱ्या हवेत लोखंडी कड्या व आकडे वर्षा-दोन वर्षांत गंजून कापडावर डाग पाडतात. पितळ अथवा लाकूड वापरावे.

दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक खिडकीला क्रमांक द्यावा आणि प्रत्येकीचे माप स्वतंत्र घ्यावे. रुंदी तीन ठिकाणी मोजावी, तळाशी, मध्यावर आणि खांद्यापाशी. झाकण चौकटीच्या आत बसवायचे असेल तर तिन्हींपैकी सर्वांत लहान माप खरे मानावे. उंची दोन प्रकारे घ्यावी: तळापासून खांद्यापर्यंत, डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंनी, आणि तळापासून कमानीच्या माथ्यापर्यंत मधोमध. जुन्या देवळांत भिंत जाड असून खिडकी आतल्या बाजूला पसरट होत जाते. तेव्हा बाहेरची कमान आणि आतली कमान यांची मापे वेगळी निघतात. पडदा कोणत्या बाजूला लागणार आहे हे आधी ठरवावे.

कमान खरोखर अर्धगोल आहे का, हेही तपासावे. खांद्यापासून माथ्यापर्यंतची उंची रुंदीच्या बरोबर निम्मी असेल तरच ती अर्धगोल. ४८ इंच रुंदीला ती २४ इंच हवी. ती १८ इंचच भरली तर कमान चपटी आहे आणि तिची त्रिज्या काढावी लागते. कृती सोपी आहे. रुंदीच्या निम्म्याचा वर्ग करावा, त्याला कमानीच्या उंचीने भागावे, त्यात तीच उंची मिळवावी आणि आलेल्या संख्येचे निम्मे करावे. २४ चा वर्ग ५७६, भागिले १८ म्हणजे ३२, अधिक १८ म्हणजे ५०, त्याचे निम्मे २५. म्हणजे २५ इंचांची दोरी धरून सुताराने वाकण आखावे.

तरीही सर्वांत भरवशाचा मार्ग कागदाचा. जाड कागद कमानीवर टेकवून कड पेन्सिलीने उतरवावी, कापावी, पुन्हा लावून पाहावी. त्यावर खिडकीचा क्रमांक आणि आतली बाजू कोणती हे लिहावे, नाहीतर उलटा कागद ठेवून उलटे कापड कापले जाते.

अर्धचंद्राला कापडाचा पंखा हवा असेल तर हिशेब निराळा. ४८ इंच रुंदीच्या अर्धगोलाची वाकणावरील लांबी सुमारे ७५ इंच होते. चुण्या दाट पडण्यासाठी दुप्पट कापड घ्यावे, म्हणजे सुमारे दीडशे इंच. त्याच्या चुण्या तळाच्या मध्यबिंदूशी एकत्र बांधल्या जातात. खालच्या पडद्याची दांडी मात्र खांद्यावर असावी. ती माथ्याच्या वर लावली तर पडदा ओढताच कमान सबंध झाकली जाते, आणि मग कमान काढलीच कशासाठी, असा प्रश्न पडतो.

उरण आता पूर्वीचे राहिलेले नाही. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक वाढली, साडेबारा टक्के योजनेतील भूखंड मिळालेल्या कुटुंबांची पक्की घरे उभी राहिली. धूळ आणि आवाज यांमुळे खिडक्या बंद ठेवाव्याशा वाटतात, हेही खरे. तरी बंद करायचा तो खालचा भाग. उजेडाचा वाटा वर राहू द्यावा.

त्या बाईंनी ते ऐकले. आम्ही आणि त्यांचा धाकटा मुलगा मिळून तिन्ही खिडक्यांचे कागद कापले. मधली खिडकी शेजारच्या दोहोंपेक्षा सव्वा इंचाने अरुंद निघाली. नव्या घरातही! वर दुधी काच बसली, खांद्यावर लाकडी दांडी आली, खाली साधे सुती पडदे लागले. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. पाच वाजून गेले होते. पडदे ओढलेले होते, आणि मुलगा दिवा न लावता अभ्यास करीत बसला होता.

धर्मग्रामांतील जबाबदार मंडळींना एकच विनंती आहे. देवळाची वा जुन्या घराची डागडुजी काढाल तेव्हा शिंपल्यांची झडपे, रंगीत काचा, झिलमिल्या उतरवण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचे माप व छायाचित्र घ्या, तिच्यावर क्रमांक घाला, आणि उतरवलेले लाकूड कोरड्या जागी ठेवा. भंगारवाल्याला हाक मारण्याची घाई करू नका. आम्ही ती एकदा केली आहे.