ओट्याला ग्रॅनाइट, जिन्याला टेकू

"घर विकायला काढतोय. त्याआधी आत किती खर्च करू म्हणजे भाव चांगला येईल?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. सोसायट्यांची कागदपत्रं आणि पुनर्विकासाची भांडणं मी बरीच वर्षं जवळून बघतोय, म्हणून लोकांना वाटतं की याच्याकडे तयार यादी असेल. मॉड्युलर किचन इतके टक्के, नवीन बाथरूम तितके टक्के. अशी यादी माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न दाराच्या आत सुरू होऊन आतच का संपतो, याचं उत्तर मात्र आहे. तो मुंबईचा इतिहास आहे आणि त्याची किंमत लोकांनी जिवाने मोजलीय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मुंबईत भाड्यावर सरकारी लगाम आला तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा नियंत्रणं आली. मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. या कायद्याने काय केलं? १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं, तेच 'प्रमाण भाडं' धरलं. तेव्हाच्या परिस्थितीत हे गरजेचंच होतं. युद्धामुळे बांधकाम थंडावलेलं, गिरण्यांमुळे माणसं येतच होती, त्यात फाळणीचे निर्वासित. भाडं मोकळं सोडलं असतं तर निम्मी मुंबई रस्त्यावर आली असती. म्हणजे हेतूला नावं ठेवायचं कारण नाही. घोळ पुढे झाला. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत पन्नास वर्षं चालला, आणि गोठवलेलं भाडं जवळपास गोठलेलंच राहिलं.

आता मालकाच्या जागी बसून हिशेब करा. समजा एका खोलीचं भाडं महिना १५ रुपये. म्हणजे वर्षाचे १८०. चाळीत ४० खोल्या असतील तर वर्षाला ७,२०० रुपये. १९७०-८० नंतर एवढ्यात छपराची कौलं तरी बदलून झाली असती का? दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली होती. त्याने नाही केली, तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि पैसे भाड्यातून कापून घ्यावेत, अशीही सोय होती. पण भाड्याचा ठरावीक हिस्साच कापता यायचा. १८० रुपयांच्या हिश्श्यात जिना दुरुस्त होतो का? मालकाने हात वर केले. काही मालक लबाड होते हे खरंच, पण साधा सरळ मालक असता तरी त्याचं गणित जुळत नव्हतं.

आता भाडेकरूच्या जागी बसा. खोली त्याच्या मालकीची नाही, पण त्याला कोणी काढूही शकत नाही. मग हा ताबाच विकाऊ झाला. त्याचं नाव पागडी. १९४७ च्या कायद्याप्रमाणे पागडी घेणं हा गुन्हा होता, आणि अख्खं शहर ती घेत होतं. खोली बदलताना नवा माणूस जुन्याला रोख मोजायचा, त्यातला साधारण एक तृतीयांश बहुतेक ठिकाणी मालकाला जायचा, आणि भाडेपावतीवर नाव बदलायचं. घराची पुनर्विक्री म्हणतात ती मुंबईच्या चाळीत अशी व्हायची.

आणि पागडीचा भाव कशावर ठरायचा? जागा, मजला, शेजार हे तर होतंच. पण त्याचबरोबर आत काय केलंय यावर. मोरीला टाइल्स आहेत का. पोटमाळा काढलाय का. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आहे का. नळ घरात आहे का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, संडास आत घेतलाय का. ज्याने मोरीच्या कोपऱ्यात कसाबसा संडास बसवला त्याच्या खोलीला गॅलरीच्या टोकाला रांग लावणाऱ्यापेक्षा जास्त पैसे यायचे. आमच्या आत्याची गिरगावात दहा बाय बाराची खोली होती. तिच्या हयातीत त्या खोलीची जमीन तीनदा बदलली. शहाबादी गेली, मोझेक आली, मग चकचकीत व्हिट्रिफाइड. जिन्याचा कठडा मात्र मी लहानपणापासून तसाच, अर्धा मोडलेला बघितला. त्याला हात लावणं हे कोणाचंच काम नव्हतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. जुन्या चाळी लाकडी चौकटीच्या, लाकडी तुळयांवर मजला. त्यावर फरशीवर फरशी चढली की वजन वाढतं. आत घेतलेल्या मोरी-संडासाचं पाणी झिरपलं की तुळई आतून कुजते, आणि वरून चकचकीत लादी असल्यामुळे ते दिसतही नाही. म्हणजे ज्या सुधारणेने खोलीचा भाव वाढत होता, तीच सुधारणा इमारतीचं आयुष्य कमी करत होती. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाचं वागत होता आणि सगळे मिळून छप्पर खाली आणत होते.

यावर कोर्टकज्जेही भरपूर झाले. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने 'कायमस्वरूपी बांधकाम' केलं तर त्याला घराबाहेर काढता येत असे. मग माळा कायमस्वरूपी की तात्पुरता? ओटा? यावर वर्षानुवर्षं वकिलांची पोटं भरली. शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात खुलासाच घालावा लागला, की लाकडी पार्टिशन, उभा ओटा, दरवाजा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं, एवढ्या गोष्टी गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केल्या असतील तर त्या कायमस्वरूपी बांधकाम धरायच्या नाहीत. राज्याच्या विधिमंडळाला स्वयंपाकाच्या ओट्याचा कायद्यात उल्लेख करावा लागतो, यावरून त्या ओट्यावर किती घरं टांगलेली होती ते कळतं.

दरम्यान इमारती पडतच होत्या. म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून सरकारनेच दुरुस्ती करायची असं ठरलं. हेच मंडळ पुढे म्हाडात गेलं. सुरुवातीला यादीत साडेएकोणीस हजारांच्या वर इमारती होत्या. १९४० च्या आधीच्या 'अ' गटात, आणि त्याच सर्वात जास्त. कल्पना चांगली होती, पण दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा, आणि इमारती हजारोंनी. मग लोकांच्या नजरेला काय पडलं? टेकू. जिन्याखाली टेकू, सज्जाखाली टेकू, आणि त्या टेकूंमधून वाट काढत वर गेलं की आत ग्रॅनाइटचा ओटा. गिरगाव, लालबाग, डोंगरी, भेंडीबाजार, कुठेही जा, हेच चित्र.

मग १९९१ च्या विकास नियमावलीने डाव उलटवला. कलम ३३(७). उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली तर बिल्डरला जादा एफएसआय, आणि भाडेकरूला मोफत मालकीचं घर, कमीत कमी २२५ चौरस फूट, जास्तीत जास्त ७५३. (कमीत कमीचा आकडा पुढे ३०० झाला.)

याचा अर्थ नीट समजून घ्या. नवीन घर मिळणार ते जुन्या जागेच्या नोंदलेल्या क्षेत्रफळावर. मोरीला कोणत्या टाइल्स होत्या, पोटमाळ्याला सागवान होतं की प्लाय, याला शून्य किंमत. ज्याने आत पाच लाख ओतले आणि ज्याने साधा चुनाही लावला नाही, दोघांच्या खोल्या सारख्या तर दोघांना घर सारखंच. एका फटक्यात मुंबईतली 'आतली सुधारणा' कवडीमोल झाली, आणि जमीन, कागद, एकजूट या तीन गोष्टींना सोन्याचा भाव आला. ज्या चाळीत भाडेपावत्या नीट होत्या आणि लोक एका बाजूला होते, त्यांचं काम पुढे सरकलं. जिथे दोन गट होते, तिथे अजून टेकू आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. त्या भागाच्या पुनर्विकासाची योजना तेव्हा कागदावर आलेली होती, काम सुरूही झालं होतं.

भाडं गोठवण्याची ही पद्धत काळाच्या ओघात अन्यायकारक झालीय, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा आली आणि पागडीही कायदेशीर झाली. पण तोवर तीन पिढ्यांना एक सवय लागून गेली होती. दाराच्या आतलं ते माझं, दाराबाहेरचं ते कोणाचंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध, आम्ही तर ओनरशिपमध्ये राहतो. संबंध आहे. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, माणसं चाळीतून ब्लॉकमध्ये गेली. मालक बदलला, सवय तीच राहिली. बाल्कनीचंच बघा. १९९१ च्या नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नव्हते, आणि अधिमूल्य भरून ती खोलीत घेता येत होती. मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक घराने बाल्कनी आत घेतली, बऱ्याच जणांनी पैसे न भरताच. हॉल मोठा दिसला, भाव वाढला. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलून बाल्कनी, फ्लॉवरबेड सगळं मोजणीत आणलं, तेव्हा नव्या इमारतींतून बाल्कनीच गायब व्हायला लागली. आपण ज्याला घराची सुधारणा म्हणतो ती बऱ्याचदा नियमातली फट असते. फट बुजली की सुधारणाही संपते.

याच्या पुढची पायरी भयंकर आहे. २००७ च्या जुलैमध्ये बोरिवलीची लक्ष्मीछाया पडली, २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धी साई. सिद्धी साईत १७ जण गेले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर जागा सुधारण्याचं काम चाललं होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मोकळी, प्रशस्त जागा हवी होती. दोन्ही इमारती चाळी नव्हत्या, आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांच्या होत्या.

म्हणून मूळ प्रश्नावर येतो. भाव कशाने वाढतो?

सरकारी रेडी रेकनर तुमचं किचन बघत नाही. तो विभाग बघतो, बांधकामाचा प्रकार बघतो, इमारतीचं वय बघतो, लिफ्ट आहे का आणि मजला कितवा हे बघतो. खरेदीदार किचन बघतो, हे कबूल. पण त्याचा वकील सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स झालाय का ते बघतो, आणि त्याचा सासरा गच्चीखालच्या ओलीकडे बघतो. नवीन किचन त्याला स्वतःच्या आवडीने पुन्हा तोडायचंच असतं. जिन्यातला गिलावा पडलेला बघून तो जो भाव पाडतो, तो तुमच्या ग्रॅनाइटने भरून निघत नाही.

उपविधी काय सांगतात बघा. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट. किती सोसायट्यांत हे प्रामाणिकपणे होतं? मी अशा सभेला बसलोय जिथे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी घरटी ४०,००० मागितले तर दोन तास आरडाओरडा झाला, आणि ओरडणाऱ्यांतल्या एकाकडे त्याच महिन्यात सहा लाखांचं इंटिरियर चाललं होतं. तो माणूस वाईट नाही. तो फक्त पागडीच्या खोलीतल्यासारखा हिशेब करतोय. तेव्हाच्या भाडेकरूला तो हिशेब कायद्याने भाग पाडला होता. आपल्याला कोणी भाग पाडलेलं नाही. इमारत आपली आहे.

तेव्हा विकायच्या आधी खर्च करायचाच असेल, तर गळती आधी थांबवा, वायरिंग आणि पाइप बघा, रंग द्या. खांब, तुळई, स्लॅब यांना इंजिनियरच्या सल्ल्याशिवाय आणि परवानगीशिवाय हात लावू नका. घरातल्या भांडवली सुधारणेची बिलं जपून ठेवा, विक्रीवरच्या नफ्याचा कर काढताना १ एप्रिल २००१ नंतरचा असा खर्च वजा धरता येतो. आणि उरलेले पैसे व उरलेली ताकद सोसायटीच्या पुढच्या सभेत लावा. कन्व्हेयन्स नसेल तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, त्यासाठी बिल्डरच्या मागे फिरायची गरज नाही.

तुमच्या इमारतीचं शेवटचं ऑडिट कधी झालं, हे माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर आज सेक्रेटरींना विचारा.