दप्तरांतील दोन उभ्या रेघा

सातारच्या दप्तरांतील एखादें जुनें पत्र पाहिलें कीं प्रथम जाणवतो तो लेखणीचा वेग. कारकून आधीं कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू होतां होईल तों न उचलतां तिच्याखालीं मोडी लिहीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाहीं, शब्दाशब्दांत अंतर नाहीं. 1708 मध्यें शाहू महाराजांचा राज्याभिषेक होऊन सातारा राजधानी झाली. तेव्हांपासून सनदा, ताकीदपत्रें व हिशेब यांचें लेखन अखंड चाललें, आणि त्यांतील पुष्कळ मजकूर ठराविकच असे.

त्याकरितां कारकुनांनीं योजिलेली युक्ति आजच्या मनुष्यासही ओळखीची वाटेल. संगणकावर दोनचार अक्षरें दाबतांच सबंध वाक्य उमटावें, अशी सोय आतां करितां येते. मोडींत शब्दाचें पहिलें अक्षर लिहून पुढें दोन उभ्या रेघा दिल्या कीं काम झालें. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मौ॥’ म्हणजे मौजे. ‘मजकूर’ हा शब्द तर मुळांतच पुनरुक्ति टाळण्यासाठीं वापरलेला. गांवाचें नांव एकदां आलें कीं पुढें नुसतें ‘मौजे मजकूर’. तेंही लांब वाटून त्याचें ‘मा॥र’ झालें! माणसाचा पुन्हां उल्लेख करणें झाल्यास ‘मशारनिल्हे’. त्याचीही तीच गत.

भेद आहे तो उलगडण्यांत. संगणक संक्षेप स्वतः उलगडून दाखवितो. कारकून तें काम वाचणाराच्या स्मरणावर सोपवी. लिहिणारा व वाचणारा एकाच तालमींत तयार झालेले, तोंवर त्यांत अडचण नव्हती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांवरून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साताऱ्यास राहून दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं 1908 पासून ‘इतिहाससंग्रह’ काढिला. त्या काळीं मोडी वाचणारीं माणसें घरोघर होतीं. 1950 च्या सुमारास शाळांतून मोडी गेली, आणि दोन रेघांमागें दडलेला शब्द ओळखणारे हळूहळू विरळ झाले. जमिनीच्या व वतनाच्या जुन्या कागदांसाठीं आज त्यांनाच शोधत फिरावें लागतें.

घरगुती पत्रांतही हीच रीत बालबोध अक्षरांत उतरली. वडिलांस ‘शि. सा. न.’, धाकट्यांस ‘अ. उ. आ.’. लग्नपत्रिकेवर ‘स. न. वि. वि.’ अद्यापि छापतात. त्यांतील शेवटचा ‘वि.’ विनंतीचा कीं विशेषाचा, हें मात्र यजमानांस क्षणभर आठवावें लागतें.