दोन उमेदवार आणि दोलायमान मतदार

निवडणुकीच्या दिवसांत व्यासपीठांवरून जीं भाषणें होतात, तीं वरवर सर्वांसाठीं असलीं तरी त्यांचा खरा रोख एकाच श्रोत्यावर असतो. स्वपक्षाच्या माणसाचें मत हातांतलेंच असतें. विरुद्ध पक्षाच्या माणसाचें मिळण्याची आशा नसते. उरतो तो तिसरा. ज्याचें मन अद्याप ठरलेलें नाहीं, जो दोन्ही मंडपांत डोकावतो आणि कोणत्याच मंडपांत बैठक मारीत नाहीं. हा दोलायमान मतदार म्हणजे लोकशाहीचा न्यायाधीश, असें मानण्याचा प्रघात आहे. तो मान्य करूनही एक प्रश्न उरतो : या न्यायाधीशाची मर्जी संपादन करण्यासाठीं चांगला वकील देखील काय काय बोलून जातो, आणि त्या बोलण्याची किंमत पुढें कोणाला द्यावी लागते?

या प्रश्नाचा विचार करण्यास इ. स. १८५८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत झालेल्या निवडणुकीइतकें बोधप्रद उदाहरण इतिहासांत क्वचित् सांपडेल. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांस गुलामांच्या मुक्ततेबद्दल आदरपूर्वक अर्पण केला, त्यांच्याच इतिहासांतील ही गोष्ट. मात्र त्या मुक्ततेच्या सात वर्षें आधींची. त्या वेळीं हे लोक अजून निश्चय करावयाचे होते.

उमेदवार दोन. स्टीफन डग्लस १८४७ पासून वरिष्ठ सभागृहाचा म्हणजे सेनेटचा सभासद, डेमोक्रॅटिक पक्षाचा अग्रणी आणि पुढेंमागें राष्ट्राध्यक्ष होणार अशी ज्याची ख्याती, असा पुढारी होता. उंची सुमारें पांच फूट चार इंच, परंतु आवाज आणि आवेश असा कीं लोकांनीं त्याला दिलेल्या टोपणनांवाचा मराठींत ‘बुटका भीम’ असाच तर्जुमा करावा लागेल. त्याच्यासमोर सहा फूट चार इंच उंचीचा, हाडकुळा, स्प्रिंगफील्डचा वकील अब्राहाम लिंकन. कनिष्ठ सभागृहांतील एका मुदतीपलीकडे त्याच्या पदरीं राष्ट्रीय राजकारणाचा अनुभव नव्हता.

वादाचें मूळ १८५४ च्या एका कायद्यांत होतें. १८२० सालच्या तडजोडीनें पश्चिमेकडील मुलुखांत एक अक्षांशरेषा आंखून तिच्या उत्तरेस गुलामगिरीला मज्जाव केला होता. डग्लसनें पुढाकार घेऊन ती रेषा पुसली, आणि नव्यानें वसणाऱ्या प्रदेशांतील वसाहतवाल्यांनींच गुलाम ठेवावे कीं न ठेवावे हें ठरवावें, असें ‘लोकसत्ते’चें तत्त्व तिच्या जागीं आणलें. त्याच्या निषेधांतून रिपब्लिकन पक्ष जन्मास आला. पुढें १८५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट खटल्यांत असा निकाल दिला कीं, त्या प्रदेशांत गुलामगिरीस बंदी करण्याचा अधिकार मध्यवर्ती विधिमंडळास मुळींच नाहीं. आतां प्रत्येक नवा प्रदेश म्हणजे नवा तंटा होऊन बसला.

त्या काळीं सेनेटरची निवड प्रत्यक्ष मतदार करीत नसत. संस्थानाचें कायदेमंडळ करी. परंतु स्थानिक प्रतिनिधीला दिलेलें मत शेवटीं डग्लसला किंवा लिंकनला पोंचणार, हें सर्वांस ठाऊक होतें. इलिनॉयचा नकाशा पाहिला म्हणजे लढाई कोठें होती तें कळतें. उत्तरेकडे न्यू इंग्लंडमधून आलेले, गुलामगिरीचा तिटकारा असणारे लोक होते. तो भाग लिंकनचा. दक्षिण टोंकाला केंटकी, टेनेसी इकडून आलेलीं घराणीं होतीं. तो भाग डग्लसचा. मध्यें जो पट्टा होता त्यांत जुने व्हिग राहत. त्यांचा पक्ष मोडला होता आणि त्यांचा आदरणीय पुढारी हेन्री क्ले १८५२ सालीं वारला होता. गुलामगिरी त्यांना आवडत नसे. पण गुलाम मुक्त होऊन आपल्या शेजारीं येऊन राहावा, हेंही त्यांना रुचत नसे. सारी निवडणूक या माणसांच्या मनांत लढली गेली. दोघेही उमेदवार क्लेचें नांव घेऊन आपणच त्याचे खरे वारस आहों, असें सांगत होते.

या मतदाराला दोघांची तुलना करावयास सांगण्याचे तीन मार्ग होते, आणि तिन्ही अवलंबिले गेले.

पहिला मार्ग माणसांच्या तुलनेचा. १७ जुलै रोजीं स्प्रिंगफील्ड येथें लिंकननें ती मोठ्या खुबीनें केली. डग्लसच्या गोल, गुबगुबीत चेहऱ्यांत त्याच्या अनुयायांस टपालकचेऱ्या, जमाबंदीच्या कचेऱ्या, मंत्रिपदें आणि वकिलाती उगवतांना दिसतात. माझ्या या वाळक्या तोंडावर मात्र कोबीचा गड्डा उगवतांना कोणीं पाहिला नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा मतितार्थ होता. विनोद निर्मळ होता आणि त्यांत सत्यही होतें : मोठ्या उमेदवाराभोंवतीं जमणाऱ्या गर्दीत तत्त्वापेक्षां नोकरीची आशा अधिक असते. परंतु एवढ्यानें मतदाराचें मन ठरत नाहीं.

पुढें दोघांनीं सात गांवीं समोरासमोर बोलण्याचें ठरविलें. ऑटावा येथें २१ ऑगस्टला आरंभ झाला आणि ऑल्टन येथें १५ ऑक्टोबरला समाप्ति झाली. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, पुन्हां पहिल्यानें अर्धा तास समारोप करावा, असा नियम होता. सातांपैकीं चार ठिकाणीं आरंभ आणि समारोप डग्लसकडे होता. जोन्सबरोसारख्या ठिकाणीं श्रोते दीड हजारांच्या आसपास, तर गेल्सबर्गला समकालीन अंदाजाप्रमाणें दहा-पंधरा हजार. शिकागोच्या पत्रांचे लघुलेखक बरोबर असत. त्यामुळें एका गांवांतलें भाषण कांहीं दिवसांत सर्व संस्थानभर वाचलें जाई. आतां उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक बोलणें अवघड झालें.

दुसरा मार्ग भीतीच्या तुलनेचा. तो डग्लसनें धरला. हें राज्य गोऱ्या माणसांनीं गोऱ्यांसाठीं स्थापिलें आहे, आणि लिंकनला मत म्हणजे काळ्या माणसाला मताधिकार, पंचाचें आसन आणि बरोबरीचें नातें, असें तो गांवोगांव सांगत सुटला. १८ सप्टेंबरला चार्ल्सटन येथें, त्या डळमळणाऱ्या मधल्या पट्ट्यांत, आरंभ करण्याची पाळी लिंकनची होती. त्यानें प्रारंभींच स्पष्ट सांगून टाकलें कीं, दोन वर्णांची सामाजिक वा राजकीय समता आपणांस नको आहे. काळ्यांस मत देण्याचें, पंच करण्याचें किंवा गोऱ्यांशीं त्यांचा विवाह होऊं देण्याचें आपल्या मनांत नाहीं.

या शब्दांचें समर्थन करण्याचा मोह त्याच्या चरित्रकारांस होतो. ऑटावा येथेंही त्यानें अशाच मर्यादा घातल्या होत्या, हें खरें. पण तेथें त्याच श्वासांत तो असेंही म्हणाला होता कीं, स्वतःच्या हातांनीं मिळविलेली भाकर खाण्याच्या हक्कांत काळा माणूस माझ्या आणि डग्लसच्या बरोबरीचा आहे. चार्ल्सटनच्या आरंभीं ही दुसरी बाजू नव्हती. आणि जुलैंत शिकागो येथें, अमुक वंश श्रेष्ठ नि तमुक कनिष्ठ ही भाषाच टाकून द्यावी, असें तो बोलला होता. गेल्सबर्गला डग्लसनें हीं दोन भाषणें शेजारीं शेजारीं ठेवून त्याला पेंचांत धरलें. दोन्ही भाषणें छापलेलीं आहेत, त्यांत विरोध नाहीं, असें लिंकननें उत्तर दिलें. तें उत्तर वकिली होतें. आरोपांतलें शल्य त्यानें निघालें नाहीं. श्रोत्यांमध्यें ज्याच्या नशिबाचा खल चालला होता तो मात्र मतदारांत नव्हताच. १८५३ च्या कायद्यानें बाहेरच्या काळ्या माणसाला इलिनॉयमध्यें वस्ती करण्यासही बंदी होती. दोलायमान मतदाराची भीति शमविण्याची किंमत अशा माणसाच्या खात्यावर मांडली जाते, ज्याला हिशोब मागतां येत नाहीं.

तिसरा मार्ग प्रश्नांच्या तुलनेचा. येथें लिंकनचें खरें मोठेपण दिसतें. गेल्सबर्ग, क्विन्सी आणि ऑल्टन या शेवटच्या तीन सभांत त्यानें वाद खालून वर नेला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत चालू ठेवावी कीं बंद करावी याची आपल्याला फिकीर नाहीं, असें डग्लस उघड म्हणे. लिंकननें तेंच वाक्य पकडलें. ज्या गोष्टींत पाप नाहीं तिच्याविषयीं माणसानें उदासीन राहावें हें समजतें. परंतु गुलामगिरी वाईट आहे असें एकदां मानलें, कीं वाईट गोष्ट करण्याचा हक्क लोकांना आहे असें म्हणतां येत नाहीं. तेव्हां प्रश्न एवढाच : ती वाईट आहे असें तुम्हीं मानतां कीं नाहीं? एकानें राबावें आणि त्याची भाकर दुसऱ्यानें खावी, हें तत्त्व राजाच्या तोंडीं असो वा मालकाच्या, तें एकच जुलमी तत्त्व आहे, असें त्यानें ऑल्टनला सांगितलें. काठावर बसलेल्या मतदाराला त्यानें तेथें गोंजारलें नाहीं. तूं ज्याला तटस्थपणा म्हणतोस तें देखील एक उत्तरच आहे, असें दाखवून दिलें.

त्याचें तात्कालिक फळ मात्र मिळालें नाहीं. निवडणुकीच्या तोंडावर क्लेचा जुना सहकारी, केंटकीचा सेनेटर क्रिटेंडन, याचें डग्लसला अनुकूल असें पत्र प्रसिद्ध झालें आणि जुन्या व्हिगांवर त्याचें वजन पडलें. २ नोव्हेंबरला मतदान झालें. लिंकनचा स्वतःचा सँगॅमन परगणा देखील विरुद्ध गेला. एकंदर मतें रिपब्लिकनांस थोडीं अधिक होतीं. परंतु जागांची वांटणी १८५० च्या खानेसुमारीवर केलेली असल्यामुळें वाढत्या उत्तर भागाला न्याय मिळाला नाहीं. ५ जानेवारी १८५९ रोजीं कायदेमंडळानें डग्लसला ५४ विरुद्ध ४६ मतांनीं निवडलें.

पराभूत उमेदवारानें वर्तमानपत्रांतील कात्रणें जमा करून सातही वाद १८६० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध करविले. डग्लसचीं भाषणें त्याच्या पक्षाच्या पत्रांतून आणि स्वतःचीं आपल्या पक्षाच्या पत्रांतून घेतलीं, म्हणजे कोणास तक्रारीला जागा नको. चार्ल्सटनचे शब्द त्यानें गाळले नाहींत. त्याच वर्षीं तो राष्ट्राध्यक्षपदीं निवडून आला. ११ एप्रिल १८६५ रोजीं केलेल्या अखेरच्या जाहीर भाषणांत, सुशिक्षित आणि सैन्यांत लढलेल्या काळ्या पुरुषांस मत असावें, अशी इच्छा त्यानें बोलून दाखविली. तें ऐकणाऱ्यांत त्याचा मारेकरीही होता. तीन दिवसांनीं त्याच्यावर गोळी झाडली गेली.

मतदारानें उमेदवारांची तुलना अवश्य करावी. पण त्याला खूष करण्यासाठीं उमेदवार जें बोलला तें बाजूला ठेवून, त्याच्या मनाविरुद्ध कोण काय बोलला, हें त्यानें आधीं विचारावें. मधल्या पट्ट्यांतील त्या मतदारांना चार्ल्सटनचा लिंकन आणि ऑल्टनचा लिंकन असे दोघेही ऐकावयास मिळाले होते. पहिल्यानें त्यांचीं मतें मागितलीं, आणि तींही त्याला पुरेशीं मिळालीं नाहींत; दुसऱ्यानें त्यांना जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर त्यांच्या मुलांना पुढें रणांगणावर द्यावें लागलें.